चित्ता इतका वेगवान, तरी चारातल्या तीन शिकारी का हुकतात?

गोगलगाय

चित्त्याच्या अनुकूलनावर एक टिपण लिहायला घेतलंय. जिथे पाहावं तिथे तीच यादी: लवचीक कणा, लांब पाय, न मिटणारी नखं, सुकाणूसारखी शेपटी, डोळ्यांखालचे काळे पट्टे, ताशी १२० किमी. यादी पाठ झाली, पण तिचे तुकडे काही एकमेकांत बसेनात. म्हणून जाणकारांना विचारतेय.

१. इतका वेग असेल तर समोरचं हरीण हाती लागायलाच हवं. तरी बहुतेक पाठलाग फुकट जातात. का?
२. नखं मिटतच नाहीत की अर्धवट मिटतात? दोन्ही वाचलंय.
३. थोडं पळाल्यावर अंग तापतं म्हणून तो थांबतो, असं सगळे लिहितात. हे कुणी मोजलंय का?
४. एवढी मेहनत करून मारलेली शिकार तरसाला देऊन निमूट निघून का जातो?

आकड्यांसह लिहिलंत तर फार बरं होईल.

---

अस्थिपंजर

नखांपासून सुरू करतो, कारण तिथे दोन्ही पक्ष अर्धे अर्धे बरोबर आहेत. नख मागे खेचून धरणारे लवचीक बंध चित्त्याच्या बोटांतही आहेत, मांजरात असतात तसेच. नाही ते म्यान. मांजराचं नख मागे गेलं की त्यावर कातडीची घडी येते आणि ते झाकलं जातं. चित्त्याच्या बोटांवर ही घडी नसल्यामुळे मागे घेतलेलं नखही उघडंच राहतं, चालता-पळता जमिनीला घासतं आणि बोथट होतं. धावपटूच्या बुटाच्या खिळ्यांना धार नसली तरी चालतं, माती धरता आली की झालं. या नखांचं काम तेवढंच.

अपवाद अंगठ्याचा. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून बराच वर हे नख असतं. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. आकड्यासारखं वाकडं आणि टोकदार राहतं. शिकार खरी करतं ते हे नख. पळत्या हरणाच्या मांडीत किंवा बरगडीशी ते अडकवायचं आणि मागे, आपल्याकडे ओढायचं. हरीण त्या क्षणी दोन-तीन पायांवर, वळणाच्या झोकात असतं, त्यामुळे एवढ्याशा ओढीने ते कोलमडतं. चित्ता हरणाच्या पाठीवर झेप घेतो हे चित्र सिंहाचं. चित्ता पाडतो तो तोल घालवून. टिपणात हा फरक जरूर लिहा, बाकी पुष्कळ गोष्टी त्यावरून उलगडतात.

तळपायाची गादीही बघा. इतर मार्जारांपेक्षा ती कडक असते आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने कंगोरे असतात, टायरच्या नक्षीसारखे. आडवं घसरणं त्याने कमी होतं.

आता कणा. नुसतं 'लवचीक' म्हणून सोडून दिलं तर काही कळत नाही. चित्ता पळताना एका ढांगेत दोनदा चारही पाय हवेत असतात. एकदा अंग कमानीसारखं मुडपलेलं असतं. तेव्हा मागचे पाय पुढच्या पायांना ओलांडून पुढे आलेले असतात. दुसऱ्यांदा अंग बाणासारखं ताणलेलं असतं. कणा मुडपतो आणि उलगडतो, म्हणजे पाय जेवढे लांब आहेत त्याहून लांब असल्यासारखी ढांग पडते. फऱ्याचं हाडही धडाला सांध्याने जोडलेलं नसतं, स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. हासळी नावापुरतीच असते. हे सगळ्याच मार्जारांत आहे, पण चित्ता त्याचा पुरेपूर वापर करतो: खांदा पुढे सरकतो आणि ढांगेत आणखी थोडी भर पडते. ढांग साधारण ६ ते ७ मीटरची, सेकंदाला तीन ते चार. ६.५ गुणिले ४ केलं की सेकंदाला २६ मीटर, म्हणजे ताशी ९३-९४ किमी. ग्रेहाउंड कुत्र्याची पळण्याची ढब अगदी अशीच. पण सेकंदाला ढांगा कमी आणि पाठीत जोर कमी.

शेपटीला सुकाणू म्हणणं चुकीचं नाही, अपुरं आहे. वळताना शेपटी झटक्याने फिरवली की धड उलट बाजूला कलंडायचं थांबतं. पण शेपटी दिसते तितकी जड नाही. तिच्या जाडीचा बराच भाग केसांचा असतो. ते केस वाऱ्याला अडवतात आणि तो रोधही अंग सावरायला उपयोगी पडतो, असं वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांवरून दिसलं. वजन आणि हवा, दोन्ही कामाला येतात.

---

घारेची नजर

अस्थिपंजर यांनी 'तोल घालवून पाडतो' लिहिलंय, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दडलंय.

आधी ताशी १२० चा निकाल लावू. हा आकडा जुना आणि ऐकीव आहे. पाळीव चित्त्यांना सरळ पट्टीवर आमिषामागे पळवून घेतलेल्या मोजमापांत ताशी १०० किमीच्या थोडं पुढे वेग मिळालाय. सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादीने २०१२ मध्ये १०० मीटर ५.९५ सेकंदांत कापले. हे झालं शर्यतीचं. जंगलात काय होतं ते २०१३ मध्ये कळलं. बोट्स्वानातल्या ओकावांगो भागात ५ रानटी चित्त्यांच्या गळ्यात जीपीएस आणि हालचाल मोजणारे कॉलर घालून ३६७ धावा नोंदवल्या गेल्या. त्यातले आकडे असे:

सर्वाधिक वेग सेकंदाला २५.९ मीटर, म्हणजे ताशी ९३ किमी. पण एका धावेत गाठलेला कमाल वेग सरासरीने ताशी ५४ किमीच्याच आसपास. धावेची सरासरी लांबी १७३ मीटर. दिवसाला सरासरी १.३ धावा. ३६७ पैकी ९४ शिकारी यशस्वी, म्हणजे २६ टक्के.

सर्वांत महत्त्वाचं पुढेच आहे. यशस्वी आणि फसलेल्या धावांच्या कमाल वेगात फरक सापडला नाही. फरक होता तो शेवटच्या टप्प्यात: यशस्वी धावांत चित्त्याने जास्त जोरात वेग कमी केला आणि जास्त वळणं घेतली. एका ढांगेत तो सेकंदाला ३ मीटरने वेग वाढवू शकतो आणि ४ मीटरने कमी करू शकतो. ब्रेक इंजिनापेक्षा भारी.

ब्रेक कशाला लागतो, ते कागदावर करून बघा. वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले आडवं त्वरण (वळताना वळणाच्या आतल्या बाजूला मिळणारं त्वरण). चित्त्यात मोजलेलं सर्वाधिक आडवं त्वरण सेकंदवर्गाला सुमारे १३ मीटर. सेकंदाला २६ मीटर वेगात त्रिज्या येते ५२ मीटर. हे वळण नव्हे, हायवेचा घाट झाला. वेग १५ केला की १७ मीटर. १० केला की ८ मीटरच्या आत. हरणाला हे गणित अंगानेच कळतं. ते पूर्ण वेगाने सरळ पळतच नाही. चित्ता जवळ येईपर्यंत थांबतं आणि ऐन वेळी मुरकतं. हळू पळणाऱ्याची वळायची त्रिज्या लहान, मागून भरधाव येणारा बाहेर फेकला जातो. त्यामुळे शेवटच्या दहा-वीस मीटरमध्ये चित्त्याला वेग सोडावा लागतो, आणि किती सोडायचा हे हरीण ठरवतं.

२०१८ मध्ये याच पद्धतीने इम्पाला आणि चित्ता, झेब्रा आणि सिंह अशा जोड्या मोजल्या. शिकारी सावजापेक्षा ३८ टक्के वेगवान निघाले, वेग वाढवण्यात ३७ टक्के सरस, वेग कमी करण्यात ७२ टक्के सरस. आणि तरीही सावज बहुतेकदा निसटतं, कारण कधी आणि कुठे वळायचं याची पहिली चाल त्याची असते.

तेव्हा वेग हवा तो अंतर मिटवायला. त्यासाठीसुद्धा आधी दबकत, गवत आणि झुडपांच्या आडोशाने शक्य तितकं जवळ जावं लागतं, साधारण ५०-६० मीटरपर्यंत. दुरून धाव सुरू केली की दम आणि मोका दोन्ही गेले.

---

गोगलगाय

५२ मीटर त्रिज्येचं गणित फारच आवडलं, तसंच्या तसं घेतेय. म्हणजे 'सर्वांत वेगवान प्राणी' या मथळ्यानेच माझी दिशा चुकवली होती.

पण तुमच्या आकड्यांत १७३ मीटर सरासरी आली. मग इतक्यातच थांबतो तो तापल्यामुळेच ना?

---

तरसमामा

नाव पाहून चौथा प्रश्न माझ्याकडे येणार हे ठाऊक होतंच. पण आधी ताप.

तापाची गोष्ट १९७३ च्या एका प्रयोगातून पसरली. चित्त्यांना ट्रेडमिलवर पळवलं. शरीराचं तापमान ४०.५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की ते पुढे पळायला तयार होईनात. प्रयोग खरा, निष्कर्ष ताणलेला. ट्रेडमिलचा वेग शिकारीच्या वेगापेक्षा पुष्कळच कमी होता आणि धाव बराच वेळ चालली होती. रानातली धाव काही सेकंदांची असते.

२०१३ मध्ये नामिबियात चित्त्यांच्या शरीरात तापमापक बसवून प्रत्यक्ष शिकारीच्या वेळचं तापमान नोंदवलं गेलं. धाव संपली तेव्हा ते सरासरी ३८.४ अंश होतं. म्हणजे तो थांबला तेव्हा तापलेला नव्हताच. तापमान चढलं ते थांबल्यानंतर, आणि इथे गंमत आहे: शिकार हुकली तर साधारण अर्धा अंश, साधली तर १.३ अंश. दोन्ही वेळी पळणं जवळजवळ सारखंच. धावेच्या उष्णतेने हा फरक पडत नाही. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की मेलेल्या सावजाशेजारी बसलेला चित्ता धास्तावलेला असतो. कुणी येईल का, या ताणानेच अंग तापतं. एक चित्ता जखमी होता, स्वतः पळालाच नव्हता, भावाने मारलेल्या सावजावर जेवायला आला, तर त्याचंही तापमान तसंच चढलं.

मग थांबतो का? एक तर अंतर कमी होईना की पुढे पळण्यात अर्थ नसतो. दुसरं म्हणजे स्नायू. त्याच्या मागच्या पायांत आणि पाठीत झटपट आकुंचन पावणारे तंतू बहुसंख्य आहेत. ते साठवलेल्या इंधनावर, ऑक्सिजनची वाट न पाहता जोर काढतात आणि लवकर थकतात. ती उधारी नंतर धापा टाकत फेडावी लागते. शिकार मारूनही तो लगेच खात नाही, कधी कधी अर्धा तास नुसता धापा टाकत बसतो, तो यासाठी. टिपणात 'मेंदू तापून मरू नये म्हणून थांबतो' असलं वाक्य असेल तर काढून टाका.

आता श्वासाची किंमत. नाकपुड्या आणि नाकामागची पोकळी रुंद आहे. ही जागा कवटीत कुठून आली? वरच्या सुळ्यांची मुळं आखूड झाली तिथून. सुळे लहान, जबड्याची पकड बेताची. बिबट्या मानेत किंवा कवटीत सुळे रुतवून सावज झटक्यात संपवू शकतो. चित्ता गळा आवळून धरतो आणि ५ ते १० मिनिटं तसाच धरून ठेवतो. हीच रुंद नाकाची पोकळी तेव्हाही कामी येते, कारण तोंड गळ्यात गुंतलेलं असतं, धाप नाकाने भागवायची असते.

आणि मग आम्ही येतो. म्हणजे तरस. चित्ता ३५ ते ६० किलोचा, ठिपकेदार तरस त्याच्या बरोबरीचा किंवा वरचढ, पण हाडं फोडणाऱ्या जबड्याचा आणि बहुधा एकटा नसलेला. चित्त्याची नखं बोथट, सुळे लहान, पाय लांब आणि बारीक. भांडणात एक पाय मुरगळला, आठवडाभर लंगडला, तर तो आठवडा उपाशी. हरणाचं मांस परवा पुन्हा मिळू शकतं. म्हणून तो निघून जातो. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी हिशेब मांडून पाहावा.

चोरी होते हे धरूनच त्याच्या बाकी सवयी बसलेल्या आहेत. सावज शक्य तर झुडपाखाली ओढून नेणं. भराभर खाणं, एका बैठकीत १० किलोपर्यंत. उरलेलं लपवून ठेवून दुसऱ्या दिवशी परत येणं बहुधा नाहीच. आणि शिकारीची वेळ: सिंह-तरस पडून असतात तेव्हा, दिवसा. चांदण्या रात्रीही तो बाहेर पडतो, अंधाऱ्या रात्री कमी.

सावजाचं माप सांगायचं राहिलं. त्याची पसंती २३ ते ५६ किलोच्या प्राण्यांना: थॉमसन गझेल, स्प्रिंगबॉक, इम्पाला. त्याहून मोठं मारायचं तर नर भाऊभाऊ दोघं-तिघं मिळून जातात. मादी पिल्लं सोडली तर एकटी.

---

सावळा माळ

सगळ्यांनी नराला पळताना पाहिलंय असं लिहिलंय. अनुकूलन पिल्लं जगवण्यातही असतं, आणि चित्त्याचा खरा तोटा तिथे होतो.

एका वेळी ३ ते ५ पिल्लं. आई दर काही दिवसांनी त्यांना तोंडात धरून नवीन जागी नेते, एका जागी वास साठू नये म्हणून. पिल्लांच्या पाठीवर राखाडी-रुपेरी केसांची लांब झूल असते, खालचं अंग गडद. दुरून ती रातेलसारखी (हनी बॅजर, एक चिवट, भांडखोर प्राणी) दिसतात, आणि रातेलच्या वाटेला शहाणा प्राणी जात नाही, असा एक तर्क आहे. वाळलेल्या गवतात लपायला ती झूल उपयोगी पडते हे मात्र सरळ आहे. सेरेंगेटीच्या उघड्या मैदानात झालेल्या अभ्यासात सुमारे ९५ टक्के पिल्लं स्वतंत्र होण्याआधीच मेली होती, बहुतेक सिंहांच्या तोंडी. हा आकडा सरसकट सगळीकडे लावू नका. कालाहारीत, कगलागाडी भागात, साधारण एक-तृतीयांश पिल्लं वाढून स्वतंत्र झाली. तिथे सिंह विरळ आणि आडोसा जास्त.

डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांबद्दल: उन्हाची तिरीप कमी करतात, असं छापलं जातं ते अंदाजाने. पुरावा ठोस नाही, तेव्हा 'असं मानलं जातं' एवढंच लिहा. त्याऐवजी डोळ्याच्या आत काय आहे ते लिहा. दृष्टिपटलावर स्पष्ट दिसणारा भाग आडव्या पट्ट्यासारखा पसरलेला आहे, म्हणजे वारुळावर बसून क्षितिजाची आख्खी रेघ मान न हलवता धुंडाळता येते. बाहुली गोल, दिवसा शिकार करणाऱ्याला साजेशी.

आणि कान. चित्ता पळतानाच्या फिती पाहा: धड घोड्याच्या पाठीसारखं वर-खाली होतं, डोकं जवळजवळ एकाच पातळीत तरंगतं आणि नजर सावजावरून ढळत नाही. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग चित्त्यात इतर मार्जारांच्या मानाने मोठा आहे. २०१८ मध्ये कवट्यांचे स्कॅन करून हे दाखवलं गेलं. चित्त्याच्याच वंशातल्या एका नामशेष, मोठ्या जातीत तो इतका वाढलेला नव्हता. म्हणजे कानातला हा बदल त्या मानाने अलीकडचा.

अनुकूलन चुकीच्या जागी गेलं की काय होतं, याचं जवळचं उदाहरण मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानाचं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते तिथे आणले. जून ते सप्टेंबर हा त्यांच्या मूळ मुलखातला हिवाळा. शरीर त्याच पंचांगाने चालत राहिलं आणि काहींच्या अंगावर ऐन पावसाळ्यात हिवाळी दाट केस आले. केसांत ओल, कॉलरखाली खाज, खाजवून जखम, जखमेत माश्यांची अंडी, अळ्या, शेवटी रक्तात जंतुसंसर्ग. २०२३ च्या पावसाळ्यात त्यातले काही दगावले आणि उरलेल्यांना पकडून, कॉलर उतरवून उपचार करावे लागले.

---

घारेची नजर

@सावळा माळ, कुनोचा मुद्दा छान. डोकं स्थिर राहण्याबद्दल +१. वळणाच्या गणितातला माझा 'कधी' हा भाग त्या कानाशिवाय निरर्थक आहे.

@तरसमामा, एक दुरुस्ती सुचवतो. सुळे लहान झाले ते नाकाला जागा करण्यासाठीच, असं इतकं ठाम लिहू नये. कवटीच हलकी आणि आखूड झाली, त्यात दोन्ही बदल बरोबरीने झाले असतील. जागेची देवाणघेवाण झाली हे मान्य, आधी काय झालं ते हाडांवरून सांगता येत नाही.

---

तरसमामा

मान्य. 'तिथून आली' ऐवजी 'तिथे मिळाली' असं वाचावं.

---

गोगलगाय

सगळ्यांचे मनापासून आभार, यादीची आता साखळी झाली. जाता जाता एक: नखं उघडी राहतात म्हणजे ठशात उमटणार. मग कुत्र्याचा ठसा आणि चित्त्याचा ठसा ओळखायचा कसा? 'नख दिसलं की मार्जार नाही' असंच शिकवतात.

---

अस्थिपंजर

तो नियम चित्त्यापाशी मोडतो. नख सोडा, मागची मोठी गादी बघा. मार्जाराच्या गादीची मागची कड तीन गोलव्यांची असते आणि पुढची कड मधोमध जराशी खोलगट. कुत्र्याची गादी त्रिकोणी, पुढे एकच टोक. मग बोटं: कुत्र्याची मधली दोन जवळजवळ एका रेषेत, मार्जारात त्यातलं एक पुढे सरकलेलं, त्यावरून डावा-उजवा पायही कळतो. तरसाच्या ठशातही नखं येतात, पण त्याची गादी तिरकी असते. चित्त्याच्या गादीवर लांबीचे कंगोरे आहेत, बारीक ओल्या मातीत ते कधी कधी उमटतात. अंगठ्याचं नख मात्र चालताना उमटत नाही, ते वर असतं. त्याची खूण मिळालीच तर ती हरणाच्या कातड्यावर, मांडीशी, एका लांब ओरखड्याच्या रूपात.